अर्धा एकर निशिगंध लावण्याआधी

पुरंदर तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. विहिरीला पाणी आहे, ठिबक आहे, अर्धा एकर रान मोकळं होतंय. गेली दोन वर्षं त्यात टोमॅटो होता. मालक कंपनीत कामाला जातात, शेतात त्या आणि जाऊबाई. निशिगंध लावायचं मनात आहे. शेजारी एकाचा तिसऱ्या वर्षाचा प्लॉट मोडतोय आणि तो कंद स्वस्तात देतो म्हणतो. पण त्याची झाडं पिवळी पडत होती आणि उपटली तर मुळांना गाठी दिसत होत्या. दुसरीकडे एका कंपनीचा फोन आलाय: कंद आमच्याकडून घ्या, अत्तरासाठी फुलं आम्हीच उचलू. सिंगल लावायचा की डबल, परवडेल का, आणि सासूबाईंना अंगणात पाच-दहा कंद लावायचे आहेत ते कसे लावायचे, असं सगळं त्यांनी एकाच पत्रात विचारलंय.

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. निशिगंध लावा. पण शेजाऱ्याचे कंद घेऊ नका, फोनवाल्या कंपनीचेही घेऊ नका, आणि पहिल्या वर्षी वीस गुंठ्यांऐवजी दहाच गुंठे लावा. उरलेल्या दहा गुंठ्यांत झेंडू घ्या.

दहाच गुंठे का, तर हे पीक वाढवायला सोपं आणि तोडायला अवघड आहे. एकदा बहर धरला की रोज तोडणी. सणवार नाही, घरात लग्न असो की कुणी आजारी असो, आज पूर्ण भरलेली कळी उद्या उमललेली असते आणि परवा तिला गिऱ्हाईक नसतं. वास रात्री दरवळतो, कारण मूळच्या मेक्सिकोतल्या या झाडाकडे परागीभवनासाठी येणारे मोठे पतंग रात्रीच फिरतात. म्हणून हाराच्या सुट्ट्या फुलांची तोडणी पहाटे अंधारात सुरू करून ऊन चढायच्या आत संपवावी लागते. डोक्याला बॅटरी बांधून, कमरेला ओटी बांधून, वाकून. मजूर बाई पहाटे चारला मिळत नाही. मिळाली तर तिची मजुरी आणि तिला आणण्या-सोडण्याचा खर्च मंदीतल्या दराला परवडत नाही. याचा अर्थ तोडणी तुम्ही आणि जाऊबाईच करणार. त्याच वेळी मालकांचा डबा असतो, मुलांची शाळा असते, धारा असतात. ऐन हंगामात दोन बायकांना रोज नीट आवरेल तेवढंच क्षेत्र धरा, आणि ते दहा गुंठ्यांच्या पुढे जात नाही. माझ्या ओळखीत निशिगंध मोडलेले जे शेतकरी आहेत त्यांतले बहुतेक दराने मोडले नाहीत, तोडणीने मोडले.

आता कंद. या पिकातलं अर्धं यश लागवडीच्या आधीच ठरतं, आणि ते बेण्यात असतं. एकदा लावलं की तीन वर्षं तेच रान आणि तेच बेणं. बेण्याबरोबर रोग आला तर तीन वर्षं तो तुमच्या शेतात राहणार, वर पुढच्या पिकालाही पुरणार.

शेजाऱ्याच्या झाडांना ज्या गाठी दिसल्या त्या जवळजवळ नक्की सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीत राहून मुळांत शिरणाऱ्या अगदी बारीक कृमींच्या. खात्री करायची असेल तर त्याच्या प्लॉटमधून एक झाड मुळासकट अलगद खणून काढा आणि बादलीत हलक्या हाताने धुवा. हरभरा किंवा भुईमुगाच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, त्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. बारीक मोहरीएवढ्या गाठी एकाला एक लागून मूळ वेडंवाकडं, माळेसारखं झालेलं दिसतं. असं मूळ पाणी आणि खत वर पोचवत नाही. मग पानं पिवळी पडतात, दांडे आखूड राहतात, फुलं कमी लागतात, आणि शेतकरी बिचारा खत वाढवत राहतो. हे कंद फुकट दिले तरी रानात आणू नका.

तुमच्या रानाबद्दलही माझ्या मनात शंका आहे. दोन वर्षं टोमॅटो होता, आणि टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी ही सगळी याच सूत्रकृमीची आवडती पिकं. टोमॅटोची जुनी झाडं बांधावर टाकलेली असतील तर त्यांची मुळं आजच बघा. गाठी असतील तर रान आधी साफ करायचं. नसल्या तरी मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत देऊन या. मुळांजवळची, वीतभर खोलीची, ओलसर माती पिशवीत घालून सावलीतून न्यायची. वाळलेल्या मातीत सूत्रकृमी मोजता येत नाहीत.

झेंडू सांगितला तो याचसाठी. झेंडूच्या मुळांतून निघणारी द्रव्यं गाठीच्या सूत्रकृमीला मारक असतात. दहा गुंठ्यांत झेंडू दाट लावा, दसरा-दिवाळीला फुलं विका आणि झाडं तिथेच गाडा. पुढच्या वर्षी ते रान निशिगंधाला तयार. हंगामात मोकळा तुकडा असेल तर त्यात ताग करून फुलावर यायच्या आत गाडला तरी चांगलं.

ज्या दहा गुंठ्यांत यंदा निशिगंध लावायचा तिथे उन्हाळा वापरून घ्या. मार्चमध्ये खोल नांगरट, ढेकळं तापू द्यायची. एप्रिलमध्ये रान भुसभुशीत आणि सपाट करून पाणी द्यायचं, वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की २५ मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीत घट्ट गाडायच्या. काळं प्लास्टिक नाही, पारदर्शकच, कारण ऊन खाली पोचून ओल्या मातीत उष्णता कोंडली पाहिजे. चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं, मध्ये फाटलं तर चिकटपट्टी लावायची. दहा गुंठ्यांना सुमारे पंचवीस किलो प्लास्टिक लागतं. खर्च आहे, पण तीन वर्षांच्या पिकासमोर तो मोठा नाही, आणि याने तणांचं बीही बऱ्यापैकी जळतं. निशिगंधात खुरपणी फार असते, तेव्हा हा फायदा मजुरीत वसूल होतो.

बेणं कुठून आणायचं? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आणि पुण्याच्या गणेशखिंड केंद्राची चौकशी करा, बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची करा. तिथे मिळालं नाही तर ओळखीच्या शेतकऱ्याचं घ्या, पण त्याचा प्लॉट फुलावर असताना आधी बघून. वाळलेल्या कंदांच्या ढिगाकडे बघून कुणालाच काही कळत नाही.

कंद हातात आल्यावर मात्र असे तपासा. अंगठ्याने बुड दाबा, घट्ट आणि कोरडं लागलं पाहिजे. बुरशीची पांढरी-करडी साय किंवा आंबट वास आला तर ती गोणी बाजूला. ढिगातून आठ-दहा कंद उचलून उभे चिरा. आत स्वच्छ पांढरा, चिरताना करकरीत वाटला तर चांगला. बुडापासून वर चढणारा तपकिरी पट्टा दिसला तर कूज आत शिरलेली आहे. आकार मधे फुगीर आणि वर निमुळता, जाडी दोन-अडीच सेंटिमीटर, वजन २५ ते ३० ग्रॅम. बारीक कंद स्वस्त पडतात, पण पहिल्या वर्षी त्यांना फूल येत नाही, नुसती पानं येतात.

आणखी एक. कालच काढलेले ओले कंद आज लावायचे नाहीत. काढणीनंतर त्यांना सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून महिना-दीड महिना विश्रांती द्यावी लागते. लावण्याआधी जुनी सुकी सालं आणि मुळ्या काढून दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम कॅप्टानच्या द्रावणात वीसेक मिनिटं बुडवून सावलीत सुकवायचे. जैविक मार्गाने जायचं असेल तर ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची) प्रक्रिया करा. दोन्ही एकत्र नको, बुरशीनाशकाने ट्रायकोडर्माही मरतो.

सिंगल की डबल, याचं उत्तर तुमच्या बाबतीत सरळ आहे: सिंगल. सिंगलच्या फुलात पाकळ्यांची एकच ओळ, वास दाट, आणि तोडून किलोवर विकायचं. हार, वेणी, गजरा, देवाचं फूल, लग्नाच्या वरमाला, सगळीकडे हेच. डबलला पाकळ्यांचे थर जास्त, दांडा भारदस्त, ती विकायची काडी म्हणून. निशिगंधाला बाजारात गुलछडी म्हणतात; पुण्याच्या गुलटेकडी बाजारात गुलछडी आणि गुलछडी काडी हे दोन वेगळे माल आहेत, त्यांचे दर वेगळे. काडीला तोडणीची घाई कमी: दांड्यावरची खालची एक-दोन फुलं उमलली की कापायचा आणि लगेच पाण्यात उभा करायचा. पण तिला बादल्या लागतात, उभ्याने वाहतूक लागते, दांडा सरळच असावा लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणजे गुच्छवाले आणि हॉटेलवाले, म्हणजे शहरातला ठरलेला विक्रेता हातात असायला हवा. तो नसेल तर काडीच्या नादी लागू नका.

सिंगलमध्ये हेसरघट्ट्याची ‘प्रज्वल’ आणि राहुरीची ‘फुले रजनी’ यांतली चांगल्या बेण्याची जी मिळेल ती घ्या. प्रज्वल ही ‘शृंगार’ आणि मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून आली; कळीला किंचित गुलाबी झाक असते, फुलं टपोरी आणि उत्पादन शृंगारपेक्षा जास्त. मात्र तपासणीत रानात सूत्रकृमी सापडले आणि लागवड पुढे ढकलता येत नसेल, तर शृंगार घ्या, ती गाठीच्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी टिकते. डबलमध्ये ‘सुवासिनी’, अर्धडबलमध्ये ‘वैभव’. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने किरणांचा मारा करून काढलेल्या ‘रजत रेखा’ आणि ‘सुवर्ण रेखा’ या पट्टेरी पानांच्या जाती कुंडीत देखण्या दिसतात. तुमच्या शेताला त्यांचा उपयोग नाही.

लागवड मे अखेरीस करा. निशिगंध घायपाताच्या जवळचा. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर आता त्याला घायपाताच्याच प्रजातीत घातलंय. त्या नात्याची खूण शेतात दिसते: दोन-चार दिवस पाणी चुकलं तर झाड सोसतं, पण बुडाशी दोन दिवस पाणी साचलं तर कंद सडतो. तुमचं रान मुरमाड-मध्यम असेल तर उत्तम. काळं भारी असेल तर सपाट वाफ्यात लावूच नका, गादीवाफे करा आणि शेवटाला चर काढा. पावसाळ्यात पुरंदरला फार पाऊस नसतो, पण परतीचा एखादा जोराचा पाऊस पुरतो.

अंतर ३० बाय ३० सेंटिमीटर, खोली पाच-सहा सेंटिमीटर, निमुळतं टोक वर. वाटा सोडून दहा गुंठ्यांत साधारण आठ-नऊ हजार कंद बसतात, म्हणजे दोनशे ते पावणेतीनशे किलो बेणं. यापेक्षा दाट लावायला सांगणारे भेटतील. तीन वर्षांत एका कंदाभोवती पिल्लांचा मोठा घोस होतो आणि दाट लावलेल्या प्लॉटमध्ये तिसऱ्या वर्षी पाय ठेवायला जागा उरत नाही. तोडणारीला वाकता आलं पाहिजे, फिरता आलं पाहिजे.

खत हेक्टरी ४० ते ५० टन शेणखत, आणि २०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद, २०० किलो पालाश. तुमच्या दहा गुंठ्यांना हे हिशोबाने चार-पाच टन शेणखत, युरियाची जवळपास एक गोणी, सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन गोण्या आणि पोटॅशची पाऊण गोणीला थोडी कमी एवढं होतं. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश लावतानाच मातीत, युरिया एकदम टाकायचा नाही. लावताना, मग महिन्या-महिन्याने तीन हप्त्यांत. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धकच्च्या खतात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि ती कंद पोखरते. निंबोळी पेंड दहा गुंठ्यांना पन्नासेक किलो लावतानाच मिसळा. माती परीक्षण झालेलं असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा, माझे आकडे धरून बसू नका.

चांगल्या आकाराचे कंद लावले तर तीन-साडेतीन महिन्यांत दांडे येऊ लागतात, म्हणजे तुमचा पहिला बहर नवरात्राच्या आसपास. एक गोष्ट नव्या माणसाला चक्रावते: ज्या कंदाला एकदा दांडा आला त्याला पुन्हा येत नाही. तो खर्ची पडतो आणि त्याच्या बाजूची पिल्लं पुढचे दांडे देतात. म्हणून फूल संपलेला दांडा तळातून कापून टाकायचा, नाहीतर अन्न तिकडे वाया जातं आणि पिल्लं बारीक राहतात. थंडीत बहर मंदावतो, रात्रीचं तापमान दहा अंशांवर आलं की झाड जवळपास थांबतं. त्याच दिवसांत लग्नसराईमुळे दर चांगला असतो, तेव्हा हिवाळ्यात पाणी तोडू नका. जे थोडं फूल येतं त्याला किंमत असते.

रोगांत मला सगळ्यात जास्त धास्ती खोडकुजीची. पावसाळ्यात एखाद्या ठोंब्याची बाहेरची पानं अचानक लोळतात. बुडाशी माती बाजूला करून बघितलं तर पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि त्यात मोहरीसारखे गोल तपकिरी दाणे. ते दाणे म्हणजे बुरशीचं बी. पाण्याबरोबर वाहून पुढच्या झाडाला लागतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. असा ठोंबा मातीसकट घमेल्यात काढून शेताबाहेर नेऊन जाळायचा, खड्ड्यात ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत टाकायचं. उपटून बांधावर फेकायचा नाही.

फुलकिडे उन्हाळ्यात येतात, कळ्यांवर ओरखडे पडून त्या तपकिरी होतात. निळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीपासून चालू ठेवला तर बहुतेक वेळा भागतं. आणखी एक लक्षण ओळखून ठेवा: दांडा खरखरीत, वाकडा, कळ्यांवर तपकिरी रेषा आणि त्या न उमलताच सुकतात. हा कळीचा सूत्रकृमी, गाठीच्या सूत्रकृमीपेक्षा वेगळा. पश्चिम बंगालमध्ये राणाघाटच्या निशिगंध पट्ट्यात याने मोठं नुकसान केलंय आणि तो पसरतो तो कंदांबरोबरच. लांबून, न बघितलेलं बेणं आणू नका म्हणतो ते याचमुळे.

फवारणीबद्दल एक मनापासून सांगायचंय. हे फूल बाई केसात माळते, नवरा-नवरी दिवसभर गळ्यात घालतात, लहान मूल नाकाला लावून हुंगतं. भाजी निदान धुतली तरी जाते, फूल कुणी धूत नाही. बहर चालू असताना रोज तोडणी असते, त्यामुळे विषारी औषधाची फवारणी आणि तोडणी यांत अंतर ठेवायला जागाच नसते. आणि ती फुलं पहिल्यांदा तुमच्याच उघड्या हातांतून जातात. फवारायचंच असेल तर दोन बहरांमधल्या मोकळ्या वेळात फवारा. तोडणीच्या दिवसांत निंबोळी आणि जैविक औषधांपलीकडे जाऊ नका.

तोडलेली फुलं ओली असतील, विशेषतः पावसात, तर तशीच पोत्यात कोंबू नका. ओसरीवर सुती कापड पसरून पातळ टाका, पाणी निथळू द्या, मग बांबूच्या करंडीत किंवा भोकाच्या क्रेटमध्ये हलक्या हाताने भरा. ओलं फूल दाबून भरलं की आत तापतं आणि बाजारात उघडलं तेव्हा पाकळ्या काचेसारख्या पारदर्शक झालेल्या असतात. अडत्या तो माल वेगळा काढतो आणि त्याच्याशी भांडायला जागा राहत नाही.

दरांचं आता. गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी आणि लग्नाच्या तिथी यांना किलोला काहीशे रुपये मिळतात. पितृपंधरवड्यात किंवा सगळीकडे एकदम बहर आला की दहा-वीस रुपयांवर येतो, तोडणीही निघत नाही. वर्षाचा हिशोब सणाच्या दरावर करू नका. गावातून गाडी भरून जाणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे जा आणि त्याच्या गेल्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्या (अडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या) मागून घ्या. एकेक पट्टी बघा: वजन किती, दर किती, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि बाकी काय काय कापलं. शेवटी हातात आलेले पैसे भागिले वजन, हा तुमचा खरा दर. उत्पादनाचं म्हणाल तर संस्थांच्या प्रयोगात प्रज्वल हेक्टरी १५ ते २० टनांपर्यंत जाते. तुम्ही पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांत हजार-बाराशे किलोंवर हिशोब बसवा. जास्त आलं तर आनंद.

थोडा माल बाजारात न पाठवता गावातच द्यायचा प्रयत्न करा. सासवड, जेजुरीला हारवाले आहेत, जेजुरीला खंडोबाच्या यात्रा आहेत, गावोगाव मंगल कार्यालयं आहेत. रोज पाच किलो ठरलेल्या दराने घेणारे दोन हारवाले मिळाले तर मंदीत तेच तारतात. प्लास्टिकच्या फुलांनी मंडपाच्या सजावटीतलं आपलं काम मोठ्या प्रमाणात नेलंय, पण गळ्यातला हार आणि केसातली वेणी अजून खऱ्या फुलाचीच लागते. आपल्याला टिकायचं आहे ते तिथे.

आता त्या कंपनीचा फोन. निशिगंधाचं अत्तर खरं आहे, महाग आहे, हे सगळं बरोबर. या फुलाची खासियत अशी की तोडल्यावरही ते वास तयार करत राहतं. म्हणूनच फ्रान्समधल्या ग्रास गावात पूर्वी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं पसरत, चरबी वास शोषून घेई. उकळत्या पाण्याच्या वाफेने गुलाबासारखं याचं तेल निघत नाही, उष्णतेने नाजूक वास बिघडतो. आज हेक्झेनसारख्या द्रावकात फुलं बुडवून आधी मेणासारखा अर्क काढतात, मग अल्कोहोलने त्यातला शुद्ध भाग वेगळा करतात. हजार किलो फुलांतून तो मेणासारखा अर्क जेमतेम किलोभर निघतो. म्हणजे कारखान्याला रोज टनावारी ताजी फुलं लागतात, तीही तोडल्यापासून काही तासांत. असे कारखाने प्रामुख्याने तमिळनाडू आणि कर्नाटकात, फुलांच्या मोठ्या पट्ट्यांच्या मधोमध आहेत. तुमची रोजची पाच-दहा किलो फुलं पुरंदरहून उचलून तिकडे नेणं कुणालाच परवडणारं नाही. मग ती कंपनी कमावणार कशावर? कंदांवर. सफेद मुसळीच्या वेळी, कोरफडीच्या वेळी आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी हेच पाहिलंय: रोपं आणि बेणं चढ्या भावाने विकलं गेलं, खरेदीच्या वेळी फोन लागला नाही.

तरी मनात शंका राहू नये म्हणून त्यांना एकच सांगा: कंद आत्ता उधार द्या, पैसे पहिल्या वर्षाच्या फुलांतून वळते करून घ्या, आणि हे स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. फुलं उचलायची खरी तयारी असलेल्याला यात अडचण नाही. आणि घरी अत्तर काढायचं यंत्र कुणी विकायला आलं तर त्यालाही परत पाठवा. द्रावक ज्वलनशील असतो, ते घरगुती काम नाही. निशिगंधाचे कंद औषध म्हणून घ्या असं कुणी सांगितलं तरी पोटात घेऊ नका. याचा उपयोग फुलाचा आणि वासाचा.

पुढचं थोडक्यात. वर्षभराने पहिल्या प्लॉटच्या दोन-चार ओळी खणून तपासा. मुळं स्वच्छ असतील तर तेच घरचे कंद झेंडूच्या रानात लावा, बेण्याचा खर्च वाचेल. तोवर तुम्हाला तोडणीचा अंदाजही आलेला असेल. हात पुरत नसतील तर दुसरे दहा गुंठे लावू नका. अशी एका वर्षाच्या अंतराने लागवड केली की जुना प्लॉट तिसऱ्या वर्षी उतरणीला लागतो तेव्हा नवा भरात असतो. मोडायचा प्लॉट असेल त्याचं पाणी जानेवारी अखेरीस तोडा, पानं वाळली की कापा, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुदळीने बाजूने खणून घोस अख्खे काढा. मोठे कंद बेण्याला, बारीक वेगळ्या वाफ्यात वर्षभर पोसायला. रोजगार हमीतून फूलपिकांच्या लागवडीला मदत मिळते, तिचे सध्याचे नियम तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या, आणि लागवडीआधी विचारा. लावून झाल्यावर अर्ज केला तर मंजुरी मिळत नाही.

सासूबाईंच्या अंगणासाठी डबल आणि सिंगल मिसळून लावा, त्यांना दोन्ही आवडतील. निदान पाच-सहा तास ऊन पडेल अशी जागा. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग बारीक वाळू. बारा इंची कुंडीत चार-पाच कंद, कुंडीचं भोक मोकळं. कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताचं, मग माती वरून सुकली की द्यायचं. सासूबाईंना संध्याकाळी जिथे बसायची सवय असेल त्या बाजूला कुंड्या ठेवा, पण झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून नको, काहींचं डोकं रात्री त्या वासाने दुखतं. दांडा तीन फुटांपर्यंत जातो आणि वाऱ्याने कलतो, म्हणून तो हातभर झाला की बाजूला एक काडी रोवून सुती दोऱ्याने सैल बांधा.